देवळीतला चाकू

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. हदगावच्या माझ्या आत्याच्या घरातला पितळी मुठीचा चाकू हरवलेला नाही. तो माझ्याकडे आहे. लातूरला, माझ्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. खण मी फारसा उघडत नाही. तरी सकाळी कामाला निघताना कपाटाकडं नजर जातेच, आणि दिवस तिथूनच जड व्हायला लागतो.

मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे. लेथ, ड्रिल, कानस यांच्यात माझी नोकरीची वर्षं गेली. आता पन्नाशी उलटली आहे आणि गुडघे बोलायला लागले आहेत. मला छंद एकच, तोही लोकांना समजावून सांगावा लागतो: मी खिशातले चाकू जमवतो. कसलेही चाकू नाहीत. कुणीतरी, कशाच्या तरी निमित्तानं, आठवण म्हणून वाटलेले चाकू. आज अशा प्रसंगी ट्रॉफी देतात, शाल देतात, स्टीलची बाटली देतात. मागच्या पिढीत आपल्याकडं घडीचा चाकू द्यायची पद्धत होती. सूतगिरणी सुरू झाली, वाटा चाकू. खताच्या दुकानाला नवी एजन्सी मिळाली, वाटा चाकू. शेतकरी माणसाच्या खिशात तो राहायचा. काकडी कापायला, सुतळी तोडायला, नख काढायला रोज हातात यायचा, आणि मुठीवरचं नाव रोज डोळ्यांखालून जायचं.

माझा पहिला चाकू अर्धापूरचा. केळीच्या एका आडत्यानं दुकानाच्या वर्धापनदिनाला गिऱ्हाइकांना दिलेला. मला तो बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं सहज देऊन टाकला. केळीच्या चिकानं मूठ काळीकुट्ट झाली होती. घरी आणून रॉकेलमध्ये भिजवला, जुन्या दातांच्या ब्रशनं घासला, आणि काळ्याखालून एकेक अक्षर वर आलं. दुकानाचं नाव, गाव, केळीचा घड. तो क्षण मला फार गोड वाटला. घासलं की इतिहास दिसतो, असं माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच.

चाकूचा माग काढणं हे कंटाळवाणं काम आहे. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचा ठसा असतो, तो भिंगाखाली बघायचा. मुठीवरची अक्षरं बघायची. मग त्या गावी जायचं, आणि ज्याला तो मिळाला होता असा माणूस शोधायचा. माणूस बहुतेक गेलेला असतो. त्याचा मुलगा दारात उभं राहून सांगतो, "होता बुवा एक, आता कुठं गेला काय माहीत." परतीची एसटी पकडायची. माझे कितीतरी रविवार लोह्याच्या आणि अहमदपूरच्या बसस्टँडवर गेले आहेत. बायको म्हणायची, "लोक देवाला जातात, तुम्ही चाकूला जाता." एकदा तिला माहूरला नेलं. तिनं रेणुकेचं दर्शन घेतलं, आणि मी पायऱ्यांवरच्या दुकानांत नाव कोरून देणारे किती जण उरलेत ते विचारत हिंडलो. परत येताना ती माझ्याशी बोलली नाही.

या हिंडण्यातून मला एक गोष्ट सापडली होती. नांदेड भागातल्या तीन वेगवेगळ्या चाकूंवर एकाच माणसाच्या हाताची अक्षरं होती. अक्षरं यंत्रानं उमटवलेली नव्हती. एकेका अक्षराचा लोखंडी पंच ठोकून घातलेली होती, आणि 'र'चा पंच जरा तिरका होता. तिन्हींवर तोच तिरका 'र'. हा कोरणारा कोण, त्याचं दुकान कुठं होतं, हे मला शोधायचं होतं. चौथा चाकू मिळाला तर धागा पुढं जाणार होता. आणि चौथा चाकू आमच्याच घरात होता, हदगावला, आत्याच्या भिंतीतल्या देवळीत.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते हदगावच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर त्यांचं आयुष्य गेलं. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकानं सगळ्या कामगारांना एकेक चाकू दिला. पितळी मूठ, एका बाजूला कापसाचं बोंड आणि 'रौप्यमहोत्सव' अशी अक्षरं, दुसरी बाजू कोरी. बाकीच्यांचे चाकू कामाला लागले, झिजले, हरवले. मामांचा वेगळ्याच कामाला लागला.

आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू देतात. टोकाला लिंबू खोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत तो हातातून खाली ठेवायचा नाही. नजर लागू नये, बाहेरचं काही बाधू नये, म्हणून. मोठ्या घरांत त्यासाठी कट्यार असते. कामगारांच्या गल्लीत कट्यार कुणाकडं असणार. गल्लीतल्या पहिल्या लग्नाला मामांनी आपला नवाकोरा चाकू दिला. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि तो गल्लीचाच झाला. लग्न लागलं की नवरदेवानं चाकू परत आणायचा आणि मुठीच्या कोऱ्या बाजूवर खिळा ठेवून हातोडीनं एक टिंब उमटवायचं. हा नियम मामांनी काढला. फिटर माणूस, हिशेब पितळेवर ठेवला.

त्या टिंबांत एक माझंही होतं. माझी हळद आत्याच्याच अंगणात झाली. माझ्या टिंबाच्या वर दादाचं. दादा म्हणजे आत्याचा थोरला मुलगा, माझ्याहून मोठा. त्यानं घाव जरा जोरात घातला होता. खिळा सरकला आणि टिंबाला शेपटी आली. मामा म्हणाले, "बायको याला वढत न्हेणार." सगळे हसले. दादा काविळीनं गेला, पुढं मामाही गेले. त्यानंतर कधीही हदगावला जावं, आत्या बाजेवर बसून तो चाकू मांडीवर घेऊन असायची. काचबिंदूनं तिची नजर जात चालली होती. अंगठ्यानं ती मुठीची मागची बाजू चाचपायची. एका ठिकाणी अंगठा थांबायचा, परत मागं यायचा, परत थांबायचा. ते कुठलं टिंब, हे विचारायची गरज नव्हती.

असा चाकू मी मागितला.

"लातूरला नेतो," म्हटलं. "प्रदर्शन आहे. तिथं जाणकार लोक येतात. त्यावरची अक्षरं कुणी घातली ते कळेल."

"ते कळून काय करायचं रे?"

"इतिहास असतो आत्या त्याचा."

"हाय ना," ती म्हणाली, आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत एकेका टिंबाचं सांगायला लागली. हा अमक्याचा, हा त्याच्या भावाचा, ह्याची बायको किनवटची, लई चांगली निघाली. मी त्या वेळी पुढच्या बाजूचा 'र' भिंगातून बघत होतो. हो हो म्हणत होतो. एकही नाव माझ्या कानात शिरलं नाही.

चाकू तिनं माझ्या हातात दिला नाही. आमच्याकडं चाकू, विळा, सुई असं काही हातोहात देत नाहीत. हातोहात दिलं तर माणसांत वितुष्ट येतं म्हणतात. तिनं तो बाजेवर ठेवला, मी उचलला. निघताना म्हणाली, "आणला की देवळीत ठेव. मला हाक मारत बसू नको." भिंतीतली ती देवळी मामांच्या वेळेपासून चाकूचीच जागा होती.

आता पुढचं सांगतो. मी विसरलो होतो, असं लिहिलं तर चालून जाईल. पण मी विसरलो नव्हतो.

प्रदर्शनात चाकू आरशावर मांडतात, म्हणजे मागची बाजूही दिसते. एका रविवारी दुपारी वर्कशॉप रिकामं असताना मी मूठ पुसायला घेतली. पुढची बाजू हातानं, मऊ कापडानं, अक्षरांना धक्का न लावता. फार सुंदर निघाली. मग उलटी केली. लेथवरच्या दिव्याखाली ती टिंबं अगदी स्पष्ट होती, वाकड्यातिकड्या ओळीत, काही खोल, काही उथळ. शेपटीवालं दिसलं. त्याच्याखाली माझं दिसलं. आम्हा जमवणाऱ्यांच्या भाषेत अशा खड्ड्यांना मार म्हणतात. मार असलेला चाकू दुय्यम समजला जातो. मला वाटलं, ज्यांची टिंबं आहेत त्यांना ती माहीतच आहेत, पितळेवर कशाला हवीत. खरंच असं वाटलं की तसं वाटून घेतलं, ते आता सांगता येत नाही. मी पॉलिश पेपर घेतला, नंतर बफिंगचं चाक चालू केलं. पितळ मऊ असतं. लग्नं जायला फार वेळ लागला नाही.

चाक थांबलं तेव्हा मुठीत माझा चेहरा दिसत होता.

प्रदर्शनात कौतुक झालं. एक जण म्हणाला, "वापरलेलाच दिसत नाही, कपाटातला असणार." मी मान हलवली. तिरका 'र' चारही चाकूंवर एकच आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. कोरणारा कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर चाकू परत न्यायचं मी टाळत गेलो. संक्रांतीला हदगावला जाऊन आलो, रिकाम्या हातानं. आत्यानं विचारलं नाही, मी काढलं नाही. उन्हाळ्यात तिचा फोन आला. नातवाचं, म्हणजे दादाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"हळदीला लवकर ये," ती म्हणाली. "अन् चाकू आण बाबा. त्याच्या बापाच्या खाली त्याचं टिंब येऊ दे."

त्याच्या बापाच्या खाली माझं टिंब होतं. ती ते विसरली होती असं नाही. तिला दोघांना जवळ बसवायचं होतं, इतकंच. मी फोन कानाला धरून उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्या, तो तर मी संक्रांतीलाच आणून ठेवला की."

"कुठं?"

"देवळीत. तूच म्हणालीस ना, हाक मारू नको."

ती म्हणाली, "हां. हातात तर द्यायचाच न्हाई. बघते मी."

एवढंच. माझं खोटं त्या रीतीवर अलगद बसलं. हातोहात दिलेल्या वस्तूला निदान घेणारा साक्षीदार असतो. ठेवलेल्या वस्तूला नसतो. ठेवली म्हटलं की ठेवली.

हळदीच्या दिवशी मी पोचलो तेव्हा अर्धं घर धुंडाळून झालं होतं. डब्यांमागं, ट्रंकेत, धान्याच्या कोठीखाली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, घामानं निथळत मोरीपाशी उभी होती. दादा गेल्यापासून घर तिच्यावरच आहे. सकाळी शिवणकाम, दुपारी अंगणवाडी, आणि आत्याचं सगळं. तिनं मला बाजूला बोलावलं.

"भावजी, नेमका कुठं ठेवला होता तुम्ही? हातानं दावा बरं."

मी देवळीपाशी गेलो आणि बोट ठेवलं. तिथं उदबत्तीचं घर आणि एक काडेपेटी होती. त्या जागेवर बोट टेकवलेलं मला अजून जाणवतं.

"इथं," म्हटलं.

तिनं काडेपेटी उचलून खाली बघितलं. काडेपेटीखाली चाकू कसा असेल. तरी बघितलं.

हळद दळणाऱ्या बायकांना विषय मिळाला. एक म्हणाली, "देवळीला पाय फुटले गं बाई." दुसरी म्हणाली, "हिनं मागं लई साफसफाई केली. चाकूच साफ केला." वहिनीही हसली. मग तिसरी, गल्लीतलीच, वांगी चिरता चिरता मान वर न करता म्हणाली, "हिच्या भावाच्या पोराचं लग्न झालं ना आत्ताच? तिथं न्हवरदेवाच्या हातात काय होतं, बघितलं का कुणी?"

तेव्हा वहिनी हसली नाही. जात्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

आत्या बाजेवर बसून ऐकत होती. नातवानं नांदेडहून नवा चाकू आणला होता, प्लॅस्टिकच्या मुठीचा. त्यावर लिंबू नीट बसेना. "आजी, ह्याच्यावर कुठं टिंब मारू?" त्यानं गमतीनं विचारलं. आत्या म्हणाली, "नको मारू. तो आपला न्हाई." लग्न लागलं, जेवणं झाली. मी पंगतीत वाढायला होतो. माझी बायको म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, उन्हाचं.

त्या लग्नानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला नंतर वाटलं. आत्यानं फक्त ट्रंकेची किल्ली पदराला बांधली. औषधाची गोळी काढून द्यायला शेजारणीला हाक मारायला लागली. सून दोन पावलांवर असली तरी. आलेल्या-गेलेल्याला विचारायची, "तुमच्याकडं कुणी पितळी मुठीचा चाकू बघितला का?" आणि विचारताना तोंड सुनेच्या बाजूला असायचं. वहिनीच्या माहेरापर्यंत बोलणं गेलं. तिच्या भावानं शपथ घेतली, मग तोही चिडला, आणि वहिनीचं माहेरी जाणं बंद झालं. हे मला कधी आत्याच्या फोनवरून, कधी नातवाकडून कळत गेलं. प्रत्येक वेळी मी म्हणालो, "अरेरे." मी दुसरं काही म्हटलेलं नाही.

एकदा मी टिंबं परत उमटवायचा विचार केला. मला ते अवघड नव्हतं, रोजचं काम. पितळेच्या तुकड्यावर सराव केला. खिळा धरला, हातोडी मारली, शेपटीसुद्धा काढली. मग थांबलो. शेपटी डावीकडं होती की उजवीकडं, मला आठवेना. ओळ कुठून सुरू व्हायची, आठवेना. फोटो बघितले. चाकूचे मी काढलेले सगळे फोटो पुढच्या बाजूचे होते. तिरका 'र' जवळून, दुरून, भिंगातून. मागच्या बाजूचा एकही नव्हता. आत्या सांगत होती तेव्हा ऐकलं असतं तर निदान कोणाचं टिंब कुठं ते कळलं असतं. तो पितळेचा तुकडा मी भंगाराच्या पेटीत टाकला.

या हिवाळ्यात मात्र मी चाकू पिशवीत घालून निघालो. लातूर-नांदेड बसमध्ये खिडकीशी बसलो आणि मनात वाक्य जुळवत राहिलो. आत्या, चाकू माझ्याकडं होता. आत्या, मी चूक केली. आत्या, वहिनीचा काही दोष नाही. लोह्यापर्यंत तीन-चार वाक्यं झाली होती, नांदेडला उतरेपर्यंत एकही राहिलं नाही. गाडी बदलली. अर्धापूरच्या अलीकडं-पलीकडं केळीची शेतं लागली, पुढं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. मला झोप येत होती. खोटं बोलून माणूस इतका थकतो, हे मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आत्या अंगणात उन्हाला बसली होती. आता तिला माणूस आवाजानंच कळतो.

"आलास का लेकरा. जेवून आलास का तसाच?"

मी शेजारी बसलो, चाकू काढला आणि तिच्या बाजेवर ठेवला. "आत्या, हे बघ काय ठेवलंय."

तिनं चाचपून उचलला. आधी पुढच्या बाजूवरून बोटं फिरली. बोंड लागलं, अक्षरं लागली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग तिनं मूठ उलटी केली. अंगठा मागच्या बाजूवर गेला आणि घसरला. परत वरून खाली आणला. परत घसरला. मला वाटलं, आता ती विचारेल आणि मी सांगेन.

"न्हाई," ती म्हणाली. "हा आपला न्हाई."

मी तोंड उघडलं.

"दुसऱ्या कुणाचा असंल," तीच पुढं बोलत गेली. "लई जणांना भेटले होते तवा. कुठून धुंडून आणलास रे? लई हिंडला असशील ह्याच्यापायी." तिनं मुठीवरून पुन्हा हात फिरवला. "कोराच ठेवला बघ त्यानं. त्याच्या घरात कुणाची लग्नं झाली न्हाईत का काय."

ती स्वतःच्याच बोलण्यावर थोडी हसली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी गप्प बसलो. लग्नाच्या वेळी खोटं तोंडातून निघालं होतं. या वेळी तर मला काही बोलावंही लागलं नाही.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले. बाजेवर चाकू दिसला तशी ती वाकली, उचलला आणि उघडायला गेली. त्या चाकूचं पातं पहिल्यापासून निम्म्यावर अडकायचं. अंगठ्यानं बाजूला जरा रेटलं की मग खट् करून उघडायचं. दर दिवाळीला त्याला तेल देणारी तीच होती. जमवणारे लोक स्प्रिंगला हात लावत नाहीत, म्हणून मीही लावला नव्हता. पातं निम्म्यावर अडकलं. तिचा अंगठा आपोआप बाजूला गेला, रेटला, खट् आवाज झाला.

तिनं चाकू मिटला. मूठ उलटी करून बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघत होतो.

"कुणाचा म्हणायचा हा?" तिनं विचारलं, आवाज अगदी साधा.

"असंल कुणाचा तरी," आत्या म्हणाली. "त्यानं आणला. त्यालाच घेऊन जाऊ दे. आपल्याला कोरा काय करायचा."

मी हात धुवायला उठलो. हौदापाशी वहिनी मागून आली. तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालत राहिली, हात स्वच्छ झाले तरी.

"इतके दिवस मला वाटून राहिलं होतं, मीच झाडताना कुठं टाकला असंल," ती म्हणाली. "भावजी कशाला खोटं बोलतील. माझाच माझ्यावर भरवसा राहिला न्हाई. गॅस बंद केला का, ते तीनदा उठून बघते मी."

मी म्हटलं, "वहिनी..."

"मला नका सांगू. मला समजलं." तिनं तांब्या हौदाच्या कठड्यावर ठेवला. "आत्याबाईला मी सांगितलं तर म्हणतील, आता भावजीवर ढकलून राहिली. ते तुमच्याच तोंडून निघाया पायजे. मी उभी असताना."

"सांगतो."

"कवा?"

अंगणातून आत्यानं विचारलं, "काय चाललंय गं तुमचं?" वहिनी म्हणाली, "काही न्हाई, पाणी घालून राहिले." आणि ती आत गेली.

मी परत बाजेपाशी जाऊन बसलो. बसलो, हे खरं. शेजारीण आली, तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलणं निघालं. आत्यानं मला बोरं खायला दिली. शेजारीण गेल्यावरही वेळ होता. आत्या डोळे मिटून उन्हात बसली होती, वहिनी दारात तांदूळ निवडत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही, पण तिचे हात चालत नव्हते. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "गाडीची वेळ झाली."

आत्यानं चाकू माझ्या दिशेला बाजेवर सरकवला. हातात दिला नाही. "तुझ्या त्या चाकूंत ठेव," म्हणाली.

वहिनी फाटकापर्यंत आली नाही. नेहमी येते.

आता खालच्या खणात तो आहे. मी नवे चाकू शोधणं बंद केलं आहे. तिरक्या 'र'वाल्याचाही माग सोडला. बायकोला वाटतं, वयानं छंद सुटला. तिला हे वाचूनच कळेल. तिच्या नवऱ्याचं टिंबही त्या पितळेवर होतं, आणि तेही त्यानंच पुसलं. आत्या हे वाचणार नाही. कुणी वाचून दाखवलं तरी ते मी सांगितल्यासारखं होणार नाही, हे मला समजतं. तिची तब्येत आता पहिल्यासारखी नाही. नातवाचा फोन आला की नाव बघून आधी दोन-तीन रिंग जाऊ देतो, मग मी उचलतो.

चाकू परत नेणं हे माझं देणं आहे असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. चाकू नेला, तो परत माझ्याकडं आला. टिंबं माझ्यानं भरून देता येणार नाहीत. देता येण्यासारखं एकच आहे. हदगावला जायचं, आत्याच्या बाजेशेजारी बसायचं, वहिनीला दारात उभी राहायला सांगायचं, आणि म्हणायचं, की चाकू मी देवळीत कधी ठेवलाच नव्हता. ते मी अजून म्हटलेलं नाही.